इकडचा वाढदिवस

आमच्या मुलीला आम्ही दोनदा परदेशातल्या शाळेत घातलं. पहिल्यांदा रॉटरडॅमला, तेव्हा परदेश आमचा होता. दुसऱ्यांदा रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या अलीकडे कातळाच्या सड्यावरच्या एका गावात, तेव्हा परदेश तिचा होता. ती जन्मली तिकडे रॉटरडॅमलाच. दुसरी वेळ जास्त अवघड गेली. पहिल्या वेळी आपल्याला इथलं काही कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं, दुसऱ्या वेळी मी सगळं कळत असल्याच्या थाटात होते.

नवरा बंदरातला इंजिनियर. तिकडे आठ वर्षं क्रेन सांभाळल्यावर त्याला इथल्या खाजगी बंदरात नोकरी मिळाली. तो सातारचा, त्याला समुद्र नोकरीपुरता आवडतो. मी दापोली तालुक्यातली. परत जायचं ठरलं तेव्हा मी चार दिवस हवेत होते, आणि मुलगी चार दिवस कपाटात तिची खेळणी लपवत होती, म्हणजे ती न्यायची राहतील आणि आपल्याला परत यावं लागेल. तिला नुकतीच सहा वर्षं पुरी झाली होती.

शाळेवरून आमचं वाजलं. कंपनीच्या वसाहतीतली मुलं बसने एका इंग्रजी शाळेत जातात. नवरा म्हणाला, तिलाही तिथेच घालू. मी म्हटलं, गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा. माझे वडील जन्मभर अशाच शाळांमध्ये शिकवत होते, मी तशाच शाळेत शिकले आणि माझं काही वाईट झालेलं नाही. मी तापट आहे हे आमच्या घरात सर्वमान्य असल्यामुळे वाद फार लांबला नाही. पण हा माणूस हरतानाही अट घालतो. "गणपतीच्या सुट्टीपर्यंत बघू," तो म्हणाला. "तोवर तिला एक तरी मैत्रीण झाली पाहिजे. एक. नाही झाली तर सुट्टीनंतर ती त्या बसमध्ये बसेल, आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

मी लगेच कबूल झाले. पोरांना मैत्री करायला कितीसा वेळ लागतो, असं मला वाटलं.

पहिला दिवस तर झकास गेला. शाळेत पट कमी, त्यामुळे पहिलीत एक मूल वाढलं याचाच बाईंना आनंद. पहिलीच्या मुलांचे पाय ताटातल्या लाल पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतले. आमच्या बाईसाहेबांनी आधी बूट काढायला नकार दिला, मग मोजे काढायला, आणि एकदा काढल्यावर चार कागद लाल केले. गुलाबाचं फूल मिळालं, पुस्तकं मिळाली, गणवेश मिळाला. चिऱ्याच्या भिंतीला लागून शाळेची परसबाग होती, तिच्यात भेंडी आणि मुळा लावला होता. ती दारातून मला हात करून आत गेली. मी नवऱ्याला फोन करून "बघ" एवढंच म्हटलं.

मग एक आठवडा गेला, दोन गेले. ती रोज जायची, रोज यायची, रडायची नाही. पण कुणाचं नाव तिच्या तोंडी येईना. "आज कुणाशी खेळलीस?" "कुणाशी नाही." "शेजारी कोण बसतं?" "एक मुलगी." "काय बोलता तुम्ही?" "ती बोलते. मला कळत नाही. ती तुझ्यासारखं मराठी बोलत नाही." हे खरं होतं. घरात आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो, का तर पोरीचं मराठी शुद्ध राहावं म्हणून. आता ते इतकं शुद्ध झालं होतं, की ते गावात कुणी बोलतच नव्हतं.

जुलैत बाईंनी मला बोलावलं. बाई तरुण, चिपळूणकडच्या, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायच्या. म्हणाल्या, "हुशार आहे. अक्षरं छान गिरवते. दुपारची शाळेची खिचडी पोटभर खाते. पण छोट्या सुट्टीत मुलं आपापले डबे सोडतात ना, तेव्हा ही पाठ फिरवून बसते. कुणी काही दिलं तर हात मागे घेते, स्वतःचंही देत नाही. पहिले दिवस मुलं विचारायची. आता विचारत नाहीत." मग थोडं थांबून, खूप जपून, त्यांनी विचारलं, "राग मानू नका हं. तुमच्याकडे काही पाळता का?"

मला आधी हसूच आलं. पाळता का! आणि ते आम्हाला! बाईंना माझं माहेरचं आडनाव ठाऊक असतं तर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता. मी म्हटलं, "नाही हो, आम्ही काहीच पाळत नाही." पण घरी येईपर्यंत हसू विरलं, कारण पोरगी काय पाळत होती ते मला रस्त्यातच आठवलं. ती माझाच हुकूम पाळत होती.

तिकडे मूल चौथ्या वाढदिवशी शाळेत जायला लागतं. आमचीही तशीच गेली. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, आता हिच्या ओळखी झाल्या असतील, तर थोडा खाऊ जास्त देऊ. आपल्याकडे डबा भरताना एक घास मैत्रिणीचा धरूनच भरतात. मी दहा-बारा लाडू वळून दिले. शेंगदाण्याचे. त्या दुपारी तिची शिक्षिका तो डबा हाताभर लांब धरून फाटकापर्यंत आली. वर्गात एका मुलाला शेंगदाणा जिवावर बेतण्यासारखा होता. सुदैवाने लाडू डब्यातच राहिले होते. शिक्षिका अगदी सौम्यपणे म्हणाली, की आपलं आपणच खायचं, कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. फक्त वाढदिवसाला चालतं, त्या दिवशी ज्याचा वाढदिवस तो कागदाचा मुकुट घालून सगळ्यांना खाऊ वाटतो. मी दहा वेळा माफी मागितली. घरी येऊन मी स्वयंपाकघरात रडत बसले. नवऱ्याला कळेना. "अगं, त्या पोराला ॲलर्जी आहे, त्यात तुझा काय अपमान?" मला सगळं समजत होतं. पण डबा परत आला की माझं डोकं चालत नाही.

त्या दिवसापासून मी पोरीला रोज दारात उभं करून म्हणवून घ्यायचे. कुणाचं घ्यायचं? नाही. कुणाला द्यायचं? नाही. कधी चालतं? वाढदिवसाला. दोन वर्षं हा पाढा चालला. शाळा बदलली, देश बदलला, पाढा पुसायचा मात्र राहून गेला.

तो पुसायला मी त्याच संध्याकाळी बसले. म्हटलं, "इथे घेतलं तर चालतं."

"का?"

"इथे कुणाला ॲलर्जी नाही."

"तू सगळ्यांना विचारलंस?"

"नाही. पण नियम बदललाय."

"कुणी बदलला?"

"मी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला स्वतःचीच कीव आली. दुसऱ्या दिवशी बाईंनीही तिला समजावलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. पण त्या नव्या आहेत ना, त्यांना माहीत नसेल." मी चिडले, आवाज चढवला, आणि पुढच्या दिवशी तिने स्वतःचा डबासुद्धा खाल्ला नाही. वसाहतीच्या बसची वेळ नवऱ्याने कुणाला तरी फोनवर विचारली, ते मी ऐकलं.

आणखी आठ दिवसांनी मी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभी होते. माझ्या शेजारी एक आजी छत्री घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, काटक, पदर खोचलेल्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे त्या बंदरावर न बसता सुकी मासळी घेऊन गावोगाव फिरायच्या, हे मी पाहिलं होतं. त्यांची नात म्हणजे आमच्या मुलीच्या शेजारी बसणारी ती "एक मुलगी". आई-बाप मुंबईला, नात आजीजवळ. आजींनी मला दोनदा खालून वर पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय गो बाय, तुज्या पोरीला आमच्या हातचा चालत नाय काय?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "जूनपास्नं मी नातीच्या डब्यात तिच्यासाटी जास्ती घालतंय. सांदनां दिली, घावनी दिली. मासली नाय हो दिली, म्हटला तुमी खाता का नाय कोन जाने. तर पोर रोज परत घेऊन येते. म्हनते, ती घेत नाय. बरा, नसल चालत तर ऱ्हावदे. मोटी मान्सा तुमी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी बरी आहे. तो आवाज सवय झालेल्या माणसाचा होता, आणि मी तो ओळखत होते. मी तो माझ्या घरात ऐकला होता.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. आजोबांच्या वेळी गावात आमचं पाणी वेगळं होतं. माझ्या वेळी तसं काही राहिलं नव्हतं. नळ आला होता, शाळेत सगळे एका रांगेत बसायचो, वडील मास्तर म्हणून लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे. कुणी वावगं बोलत नसे. माझ्या शेजारी बसायची ती आंबेवाल्यांची मुलगी, माझ्यावर जीव टाकायची. तिच्या रिबिनी मला द्यायची, माझ्यासाठी इतरांशी भांडायची. फक्त माझ्या डब्यातलं खायची नाही. "आज नको, पोट भरलंय." रोज तिचं पोट भरलेलं. आठ वर्षांच्या मुलीला हे आपोआप सुचत नाही, तिला ते घरून शिकवलेलं होतं. मी तिच्यावर कधी रागावले नाही, अजूनही रागावत नाही.

पण माझी आई डब्यात दोन भाकऱ्या घालायची. एक माझी, एक मैत्रिणीची. मैत्रिणीची जराशी लहान असायची. ती भाकरी तशीच घरी न्यायची माझी छाती होत नसे. आईने "खाल्ली का तिने?" म्हणून विचारलं तर काय सांगायचं? म्हणून शाळा सुटली की मी पायवाटेवरच्या दगडी गडग्याआड बसायची आणि ती दुसरी भाकरी कोरडीच संपवायची. मग रिकामा डबा वाजवत घरी. आई डबा उघडून बघायची, काही बोलायची नाही, घासायला ठेवायची. तीन वर्षं मी असं केलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

आणि आता त्या फाटकाशी "मोटी मान्सा" मी होते. माझ्या पोरीमुळे दुसऱ्या एका पोरीचा डबा रोज परत जात होता. ती तो वाटेत संपवत नव्हती, एवढाच काय तो फरक. ती खरं सांगत होती.

मी म्हटलं, "आजी, मी आत्ता तुमच्याकडे येते. घरात जे असेल ते मला वाढा." त्या म्हणाल्या, "आत्ता? आत्ता काय असनार?" मी म्हटलं, "असेल ते." तेवढ्यात दोघी मुली बाहेर आल्या आणि आम्ही चौघी उतरणीने त्यांच्या घरी गेलो.

घर खाडीच्या बाजूला, ओटीवर जाळ्यांचा ढीग. आजींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे केली. आठ वर्षांनी मी जवळा खात होते. तिखट इतका, की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं हे कुणाला सांगावं लागलं नाही, ते बरंच झालं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. खाता खाता आजींना सगळं सांगितलं, लाडवांचं, त्या मुलाचं, रोजच्या पाढ्याचं. त्या ऐकून घेत होत्या. "आग्गो, म्हंजे शेंगदाना खाऊन पोर मरता तितं?" एवढंच त्यांना नवल वाटलं. मग नातीकडे बघून म्हणाल्या, "आयकलास ना गो? घमेंड नाय ती. तिला तसा शिकवलाय."

आमची मुलगी ओटीच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती. आई एका अनोळखी घरात, वाढदिवस नसताना, दुसऱ्याचं खातेय! आजींनी तिच्यापुढे गुळाचा खडा धरला. तिने हात मागे घेतले, आणि तिच्या त्या शुद्ध मराठीत म्हणाली, "धन्यवाद. मी फक्त वाढदिवसाला घेते. वाढदिवसाला मुकुट पण असतो."

मला तिला तिथेच एक धपाटा घालावासा वाटला. आजी हसल्या. नात हसली नाही. ती भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत बसली होती.

दोन दिवसांनी मुलगी घरी आली ती सांगतच. "आई, आज तिचा वाढदिवस होता! मी घावन खाल्लं. दोन."

माझा जीव भांड्यात पडला. योगायोग बघा, मी मनात म्हटलं. लगेच गावातल्या दुकानातून रंगीत पेन्सिली आणल्या आणि दुसऱ्या दिवशी भेट म्हणून पाठवल्या. त्या दिवशी पुन्हा एक वाढदिवस निघाला, मागच्या बाकावरच्या मुलाचा. फणसाचे तळलेले गरे मिळाले. मी पुन्हा पेन्सिली आणल्या. मग एका मुलीचा. मग जुळ्या भावांचा, दोन वेगवेगळ्या दिवशी. तेव्हा मात्र मी पेन्सिलींचं पाकीट हातात धरून थांबले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, शाळेत बक्षिसं वाटताय काय?" मग पुढच्या आठवड्यात शेजारी बसणाऱ्या त्या मुलीचाच वाढदिवस पुन्हा आला.

मी तडक शाळेत गेले. बाई मला बघून आधीच हसायला लागल्या. वर्गात नेऊन त्यांनी मला खिळ्याला टांगलेला मुकुट दाखवला. फणसाची हिरवी पानं, माडाच्या झावळीच्या हिरांनी टाचून गोल केलेली, पुढे एक जास्वंदीचं फूल खोचलेलं. "दर दोन दिवसांनी नवा करतात," बाई म्हणाल्या. "छोट्या सुट्टीत ज्याचा नंबर असेल त्याने तो घालायचा, सगळ्यांनी बड्डेचं गाणं म्हणायचं, मग तुमच्या मुलीला खाऊ द्यायचा. तिच्या शेजारी बसते ना, त्या मुलीच्या डोक्यातलं खूळ हे. मी विचारलं तर म्हणते, बाई, बड्डेला ती घेते, मग बड्डे करायचा. सोप्पा हाय." मग हळूच म्हणाल्या, "आता एकमेकांचंही सगळे घेतात. आधी सगळेच घ्यायचे असं नव्हतं हो."

मी त्या मुकुटाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

आता मला एकच घोर होता. पोरीला हे खरं वाटत असेल, तर तिला कळेल त्या दिवशी काय होईल? नियमाला एवढी चिकटणारी पोर, फसवलं म्हणून पुन्हा पाठ फिरवून बसली तर? सुट्टीला चार दिवस उरले होते. नवरा विचारत नव्हता, पण भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहून दात घासायचा. मी पेन्सिली आणणं बंद केलं आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला किती जड जातं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

सुट्टीच्या आधी दोन दिवस, संध्याकाळी चहाच्या वेळेला, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, उद्या मला खूप घावनं लागतील. माझा वाढदिवस आहे."

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. मी म्हटलं, "अगं, तुझा वाढदिवस जानेवारीत असतो ना?"

तिने सुस्कारा सोडला. इतक्या मोठ्या बाईला इतकं साधं कसं कळत नाही, असा तो सुस्कारा.

"तो तिकडचा," ती म्हणाली. "इकडचा उद्या आहे. आणि मुकुट ती करणार आहे. माझी मैत्रीण."

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काहीतरी जिंकल्यासारखं बोलले असते आणि सगळं नासलं असतं. तो उठला, विळी घेतली आणि नारळ खवायला बसला. सातारच्या माणसाने खवलेला नारळ कसा असतो ते सोडा, पण खवला.

सकाळी मी घावनं घातली. तांदळाचं पीठ पातळ भिजवून, तव्यावर जाळी पडेपर्यंत. एकवीस मुलं, बाई, खिचडी करणाऱ्या ताई, आणि आजींसाठी वेगळी बांधून. तव्याला चिकटलेली नवऱ्याने खाल्ली. मोठा तीन खणांचा डबा काढला. नाश्त्याच्या टेबलावर पोरगी मला पाढा म्हणून दाखवत होती, पण नवा. कुणाला द्यायचं? सगळ्यांना. आधी कुणाला? तिला. कारण ती शेजारी बसते.

शाळा सुटल्यावर आजींची घावनं पोचवून ती उतरण चढून येताना मला लांबूनच दिसली, डोक्यावर फणसाच्या पानांचा मुकुट तिरका झालेला. शेजारी ती मैत्रीण, आणि दोघींच्या मध्ये डबा, कडीची एक बाजू हिच्या हातात, एक तिच्या. दोघी एकदम बोलत होत्या. आमच्या मुलीच्या तोंडून "आग्गो" ऐकू आलं. शुद्ध मराठीवरची माझी सहा वर्षांची मेहनत तिथे संपली, आणि मला त्याचं एवढं बरं वाटलं, की मी फाटकाशी उभ्या उभ्या रडले. यावेळी तिखटाची सबबही नव्हती.

डबा मी ओट्यावर उघडला. वरचे दोन खण रिकामे, पुसून खाल्ल्यासारखे. तिसऱ्यात आजींनी परत पाठवलेली खोबऱ्याची वडी होती. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. "मला एकच घावन मिळालं," पोरगी कुरकुरली. "पुढच्या वेळी जास्त कर."

नवऱ्याने संध्याकाळी बसचा विषय स्वतःच काढला. म्हणाला, "ती बस फार लवकर सुटते. आपल्याला झेपायची नाही." मी तोंड उघडलं नाही. ती अट हरल्यावरची होती, तरीही.

मग मी आईला फोन लावला. ती दापोलीजवळ गावीच असते, वडील गेल्यापासून एकटी, तिच्या काजूंमध्ये रमलेली. नातीचं सगळं ऐकून ती खूप हसली. मुकुट कसा टाचला, ते तिने दोनदा विचारलं. ती अशी हसत होती म्हणूनच मला धीर झाला असावा. मी म्हटलं, "आई, तुला एक सांगायचं होतं. लहानपणी तू ती दुसरी भाकरी द्यायचीस ना, ती माझी मैत्रीण कधी खायची नाही. मी गडग्याआड बसून खायची."

पलीकडे तिच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुझ्या फ्रॉकला पीठ असायचं. म्हणून तर ती दुसरी मी लहान थापायची. दोन मोठ्या खाऊन तुझं पोट दुखलं असतं."

"मग द्यायचं बंद का नाही केलंस?"

"बंद कशी करू?" आई म्हणाली. "एखाद दिवशी तिने हात पुढे केला असता, आणि डब्यात नसती तर?"